मुलाचा एक डोळा पुढे आलाय? रांजणवाडी समजून थांबू नका

पापणी सुजली की घरात दोनच निदाने होतात : रांजणवाडी किंवा डोळे येणे. बहुतेक वेळा ती खरीही ठरतात. पण मुलाचा एकच डोळा काही दिवसांत पुढे आल्यासारखा दिसू लागला, तर थेंब टाकून वाट पाहणे महागात पडू शकते.

आजार नेमका काय?

डोळा हाडांच्या खोबणीत बसतो. त्याच्या मागे व भोवती स्नायू, चरबी आणि नसा असतात. या मऊ भागात होणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा कॅन्सर दुर्मीळ आहे. मात्र मुलांच्या खोबणीत सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोच सर्वाधिक आढळतो. बहुतेक रुग्ण १० वर्षांच्या आतले असतात.

निदान का लांबते?

सूज, लाली, खाली झुकलेली पापणी ही लक्षणे जंतुसंसर्गासारखीच दिसतात. खेळताना लागले असेल, तर दोष त्या मारावर जातो. अँटिबायोटिक सुरू होते आणि गाठ वाढत राहते.

खात्री कशी होते?

सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये गाठ दिसते. पण ती कॅन्सरची आहे की नाही, हे बायोप्सीच सांगते. आजार फुप्फुसात किंवा अस्थिमज्जेत पसरला आहे का, हेही तपासतात.

डोळा काढावा लागतो का?

पूर्वी खोबणीतले सारे काढून टाकत. आता केमोथेरपी व रेडिएशन हे मुख्य उपचार आहेत. आजार खोबणीपुरताच असेल आणि उपचार पूर्ण झाले, तर १० पैकी सुमारे ९ मुले वाचतात. रेडिएशनमुळे पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, म्हणून तपासणी अनेक वर्षे चालते.

मीरा-भाईंदरकरांनी काय करावे?

डोळा पुढे आला, दोन-दोन दिसू लागले किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. संसर्गाचे उपचार सुरू असूनही दोन दिवसांत उतार नसेल, तर स्कॅनबद्दल विचारा. भाईंदरहून लोकलने दादर गाठले की परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय जवळ आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात मुलांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. त्यामुळे रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

जबाबदारी पालकांचीच नाही

शहरातील प्रत्येक सरकारी दवाखान्यात एक साधा नियम हवा : मुलाचा डोळा पुढे आलेला दिसला, तर नुसते थेंब देऊन घरी पाठवायचे नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची. यासाठी नवे यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही. उपचार लोकलच्या अंतरावर असताना मुलाचे आठवडे फक्त वाट पाहण्यात जाऊ नयेत.