परदेशी विद्यापीठांची परीक्षा आणि आपले वाचन

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संस्थेचा आदेश आला तेव्हा शाळेच्या वाटचालीवर लिहावे, असे प्रथम आमच्या मनात आले. परंतु तो इतिहास लिहिण्यास आमच्याहून अधिक अधिकारी माणसे आहेत. आम्ही येथे एका अपयशाविषयी लिहिणार आहोत, कारण त्या अपयशात आमचाही वाटा आहे.

याच वसतिगृहात पाचवीपासून वाढलेला आमचा एक विद्यार्थी अभियंता झाला आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे या इच्छेने जीआरई परीक्षेस बसला. गणिताच्या विभागात त्याला उत्तम गुण मिळाले. इंग्रजी वाचनाच्या विभागात मात्र 141 गुण पडले. या परीक्षेची गुणश्रेणी 130 पासून सुरू होऊन 170 ला संपते, हे ध्यानात घेतले म्हणजे 141 चा अर्थ कळतो. सुट्टीत तो आम्हांला भेटण्यास आला. बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणाला, “सर, शब्द ओळखीचे होते, वाक्य ओळखीचे नव्हते.”

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. कारण शब्द ओळखीचे करून देण्याचे काम आम्ही इमानेइतबारे केले होते. एका पानावर वीस इंग्रजी शब्द, समोर वीस मराठी अर्थ, प्रत्येक दहा वेळा लिहून काढणे, शनिवारी तोंडी परीक्षा. पुढे शहरातील एका शिकवणी वर्गाने त्याच्याकडून मोठे शुल्क घेऊन हेच केले. फक्त वहीच्या जागी छापील पत्ते आले आणि विसाच्या जागी दोन हजार शब्द आले.

ही परीक्षा नेमके काय तपासते, हे पालकांना ठाऊक असावे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सप्टेंबर 2023 पासून तिचे स्वरूप आटोपशीर झाले आहे. इंग्रजी वाचनाचे दोन भाग असतात: पहिल्यात 12 प्रश्नांना 18 मिनिटे, दुसऱ्यात 15 प्रश्नांना 23 मिनिटे. पहिला भाग चांगला सोडवला तर दुसरा अधिक कठीण मिळतो. प्रश्न तीन प्रकारचे. एक, उतारा वाचून उत्तरे देणे. दोन, वाक्यातील वा परिच्छेदातील एक ते तीन गाळलेल्या जागा भरणे. जागा तीन असतील तर तिन्ही अचूक भरल्याखेरीज गुण नाही. तीन, एकाच जागेसाठी सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडणे की ज्यांनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. 2011 पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असे सुटे प्रश्न असत. ते त्या वर्षी काढून टाकण्यात आले. म्हणजे सुट्या शब्दाची परीक्षा संपून वाक्यातील शब्दाची परीक्षा सुरू झाली. आमची शब्दांची वही मात्र त्यानंतरही तशीच चालू राहिली.

मराठीतच एक उदाहरण घेऊ. “ग्रामसभेतील पाटलांचे भाषण वरकरणी ____ असले, तरी त्यांचा स्वभाव ज्यांना ठाऊक होता त्यांना त्यातील धमकी ऐकू आली.” गाळलेल्या जागी ‘सौम्य’ येईल, ‘कठोर’ येणार नाही, हे आपल्या वस्तीतील निरक्षर आजीही सांगेल. ‘वरकरणी’ आणि ‘असले तरी’ या शब्दांनी तिला वाट दाखवली. इंग्रजीत हेच काम ‘ऑल्दो’, ‘यट’, ‘हाऊएव्हर’, ‘फार फ्रॉम’ असे लहान शब्द करतात. यांपैकी बहुतेक शब्द आठवीच्या मुलालाही येतात. परंतु वाक्य कोठे वळले हे ओळखण्यासाठी अशी हजारो वाक्ये डोळ्यांखालून जावी लागतात. तीन महिन्यांच्या शिकवणीत ते होत नाही.

शब्दाचेही तसेच आहे. ‘सँक्शन’ हा शब्द आपल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे. कर्ज सँक्शन झाले की नाही, हे विचारण्यासाठी त्याने बँकेत खेटे घातलेले असतात. परंतु एका देशाने दुसऱ्या देशावर सँक्शन लादले म्हणजे मंजुरी दिली नसून निर्बंध घातले, असा अर्थ होतो. एकाच शब्दाचे हे दोन परस्परविरोधी अर्थ वहीतील एका ओळीत मावत नाहीत. ते वाचनातूनच कळतात.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी; म्हणून या शब्दांच्या यादीकडे आणखी एका दृष्टीने पाहतो. तीत ‘परायाह’ हा शब्द हमखास असतो. अर्थ दिलेला असतो ‘समाजाने बहिष्कृत केलेला मनुष्य’. हा शब्द इंग्रजीत तमिळनाडूतून गेला. ‘परै’ म्हणजे ढोल. ढोल वाजवणाऱ्या पऱैयर या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे नाव वसाहतकाळात इंग्रजी शब्दकोशात शिरले आणि तिरस्काराचे विशेषण बनले. त्याच यादीत ‘पंडित’ हा शब्द असतो. त्याचा अर्थ दिलेला असतो ‘तज्ज्ञ’. एका जातीचे नाव अपमान म्हणून जगभर गेले आणि दुसरीकडची पदवी सन्मान म्हणून गेली. आमच्या वर्गातील मूल हे दोन्ही शब्द एकाच पानावर पाठ करते, आणि त्याला कोणी सांगत नाही की यातील एका शब्दात आपल्यासारख्याच माणसांची हकिगत आहे.

‘बॉयकॉट’ या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. 1880 साली आयर्लंडमध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाच्या, जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले, आणि त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. म्हणजे इंग्रजीतील बहिष्कार हे गरिबांनी बलवंताविरुद्ध उचललेले शस्त्र होते. आपल्या गावांत हेच शस्त्र नेहमी उलट दिशेने चालले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, 1927 साली, बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले ते उगीच नव्हे. शब्द असा शिकवला तर मूल तो विसरेल का? आमच्या अनुभवाने सांगतो, विसरत नाही.

आता एक रास्त प्रश्न उभा राहतो. ही परीक्षा न्याय्य आहे काय? आपले अनेक तरुण मित्र म्हणतात की ही श्रीमंतांच्या घरातील पुस्तकांच्या कपाटाची परीक्षा आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतील प्रवेशपरीक्षांचे एक जनक कार्ल ब्रिगहॅम यांनी 1923 साली बुद्धिमापनाच्या आधारे वंशांची उतरंड मांडणारे पुस्तक लिहिले. 1926 साली सुरू झालेली ‘सॅट’ ही महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. पुढे 1930 साली त्यांनी स्वतःच आपले निष्कर्ष चुकीचे असल्याचे मान्य केले, हेही नमूद करावयास हवे. त्याच ‘सॅट’मधील शब्दजोडीच्या एका प्रश्नाचे उत्तर ‘रेगाटा’ हा शब्द जाणल्याखेरीज येत नसे. रेगाटा म्हणजे नौकांची शर्यत. ज्याच्या घरी नौका त्याला गुण. असे प्रश्न पुढे वगळले गेले, परंतु घरातील वाचनाचा प्रभाव वगळता येत नाही. शिवाय आपल्याकडे परीक्षेचे शुल्क वीस हजार रुपयांहून अधिक आहे. शेतमजूर आईची ती दोन महिन्यांहून अधिक मजुरी झाली.

तरीही ही परीक्षा नाहीशी झाली की आपले भले होईल, या मताशी आम्ही सहमत नाही. 2020 च्या महामारीनंतर अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठ-विभागांनी जीआरईची अट काढून टाकली. मग प्रवेश कशावर ठरतो? अर्जासोबतच्या इंग्रजी निवेदनावर, प्राध्यापकांच्या शिफारसपत्रांवर, पूर्वीच्या महाविद्यालयाच्या नावावर. निवेदन कसे लिहावे हे सांगणारा मामा किंवा आत्या ज्याच्या घरी आहे, त्याला ही अट सुटल्याचा लाभ अधिक. ज्याच्या कुळातील पहिलाच मनुष्य पदवीधर झाला, त्याने शिफारसपत्र कोणाकडे मागावे? छापील परीक्षेचे नियम निदान सर्वांना आधी कळतात आणि तपासणारा आडनाव पाहत नाही. म्हणून ती निर्दोष ठरत नाही. परंतु तिच्या जागी येणारी व्यवस्था अधिक न्याय्य असेलच, असे मानणे भोळेपणाचे आहे. आणि परीक्षा असो वा नसो, प्रवेशानंतर दर आठवड्यास शेकडो पाने वाचण्यातून कोणाचीच सुटका नाही.

1913 साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती. पुढे 1930 च्या दशकात ज्या चार विद्यापीठांत ती प्रथम घेतली गेली त्यांत कोलंबियाही होते. बाबासाहेबांची तयारी कोणत्या शिकवणीत झाली? सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या आणि पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकले. परळच्या चाळीतील एका खोलीत मध्यरात्रीनंतर दिवा लागे. तीन वर्षांत, 9 मे 1916 रोजी, पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयीचा आपला निबंध कोलंबियातील चर्चासत्रात वाचला. हा निबंध आमच्या मते वाचनाचा उत्तम पाठ आहे: आधी दुसऱ्याचे मत प्रामाणिकपणे मांडणे, त्यातील ग्राह्य तेवढे मान्य करणे, आणि मग वाक्य वळवून ते खोडून काढणे. जीआरईचे उतारे विद्यार्थ्याला नेमके हेच ओळखावयास सांगतात.

आणि येथेच आम्हांला खंत वाटते. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आपल्या शाळेत आहेत. ते काचेच्या कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपण त्या कपाटाला हार घालतो. पुस्तके खराब होतील या भीतीने ते कुलूप लावणारे आम्हीच. ज्या विद्यार्थ्याला वाक्य ओळखीचे झाले नाही, तो सहा वर्षे त्या कपाटावरून जेवणाच्या खोलीत जात होता.

आपल्या मुलांना परकी भाषा जमत नाही, असे कोणी म्हणू नये. रोज पहाटे ती वंदना म्हणतात, पौर्णिमेला परित्राणपाठ म्हणतात. पालि त्यांच्या घरची भाषा नाही. तरी पाचवीतील मूल दोन महिन्यांत न अडखळता म्हणू लागते, कारण ते रोज ऐकते, रोज म्हणते, आणि सर्वांबरोबर म्हणते. धम्मपरंपरेत परियत्ति, पटिपत्ति आणि पटिवेध अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: अध्ययन, आचरण आणि साक्षात आकलन. शब्दांची वही पहिल्या पायरीवरच संपते. दैनंदिन वाचन ही दुसरी पायरी आहे. तिच्याविना तिसरी येत नाही.

म्हणून संस्थेपुढे, पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. पहिली, सातवीपासून रात्रीच्या अभ्यासिकेत चाळीस मिनिटांचा वाचनतास असावा. त्यात प्रश्नोत्तरे नकोत, गुण नकोत, फक्त वाचन. एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. कारण ज्याला मराठीतील दीर्घ वाक्य पेलत नाही, त्याला इंग्रजीतलेही पेलणार नाही. दुसरी, ते कपाट उघडावे. खंड झिजले तर नवे घेऊ. झिजलेला खंड हीच त्याची खरी पूजा. तिसरी मागणी माजी विद्यार्थ्यांकडे. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आपण उदारपणे देणग्या देता. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क भरता येईल एवढा निधी उभारावा, आणि आपल्यातील जे परदेशी शिकून आले आहेत त्यांनी वर्षातून एकदा येथे मुक्काम करून मुलांचे अर्ज व निवेदने वाचावीत. ज्यांच्या घरी मामा-आत्या नाहीत, त्यांचे मामा-आत्या आपणच.

1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हा मुलांना राहण्यास छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळणे हीच मोठी गोष्ट होती. आपल्या संस्थेने तो वारसा निष्ठेने चालवला. आज छप्पर आहे, जेवण आहे. आता त्याच छपराखाली वाचनही वाढावे.

तो विद्यार्थी यंदा पुन्हा परीक्षेस बसत आहे. गेले वर्षभर नोकरीवरून आल्यावर तो रोज एक तास इंग्रजी वाचतो. त्याने मागितला म्हणून आम्ही त्याला पहिला खंड कपाटातून काढून दिला. तो अजून परत आलेला नाही, आणि आम्ही तो मागणारही नाही. कपाटात त्या खंडाची जागा रिकामी आहे. ती पाहून या वर्षी शिकणारे एखादे मूल आमच्याकडे पुढचा खंड मागण्यास येईल, अशी आम्ही वाट पाहत आहोत.

जयभीम!