गोळी आम्ही गिळू, पण गटार कोण बांधणार?

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ग्रामीण भागात जागृती नाही, लोक गोळ्या खात नाहीत. मला या वाक्याची चीड येते. गोळ्या खायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही, आणि त्यावर पुढे बोलतेच. पण ज्याच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं घरामागच्या खड्ड्यात साचतंय, त्याला ‘तुला जागृती नाही’ असं सुनावण्याआधी सुनावणाऱ्याने तो खड्डा बघून यावा.

कारण हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास मुळात घाणीचा भोक्ता आहे. डेंग्यूच्या डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, याला तुंबलेलं गटार, शौचालयाची उघडी टाकी, सांडपाण्याचं डबकं चालतं. तो रात्री चावतो. मी विठ्ठलवाडीला राहते. अंबरनाथ, उल्हासनगरची घाण पोटात घेऊन वालधुनी आमच्या बाजूने कल्याणकडे जाते आणि तिला येऊन मिळणारे नाले उन्हाळ्यात जागच्या जागी कुजत असतात. दिवेलागणीला खिडक्या लावायच्या, हे इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी समजतं. म्हणजे क्युलेक्स हा आमच्या ओळखीचा, शहरी डास. ठाणे आणि पालघर हे जिल्हेही राज्याच्या हत्तीरोगग्रस्त यादीत आहेत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूरच्या जोडीला. तरीही हा ‘तिकडचा’, खेड्यातला रोग, असंच आपण धरून चाललोय.

आता या ‘खेड्यातल्या रोगा’चा सरकारी इतिहास ऐका. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला १९५५मध्ये. त्याचं काम चालायचं शहरांत. ग्रामीण भाग त्यात आला १९९४मध्ये. मधली एकोणचाळीस वर्षं खेड्यातला माणूस हिशेबातच नव्हता! त्यानंतर उच्चाटनाच्या तारखा आल्या. २००२च्या आरोग्य धोरणात २०१५ हे साल होतं, २०१७च्या धोरणात २०१७. हल्ली २०२७ म्हणतात. तारीख चुकली की खुलासा तोच, लोक सहकार्य करत नाहीत.

रोगाची चाल समजून घेतली की हा खुलासा किती पोकळ आहे ते कळतं. हत्तीरोगाचे जंत दोऱ्यासारखे बारीक. ते माणसाच्या लसिकावाहिन्यांमध्ये घर करतात आणि पाच-सात वर्षं जगतात. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात रात्री उतरतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी या तपासणीसाठी रात्री दारोदार फिरून बोटातून रक्त घेतात. असं रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटात ही पिल्लं दहा-बारा दिवसांत वाढतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. त्यामुळे एका चाव्याने सहसा काही होत नाही. जंत शरीरात मुरायला महिनोन्महिने, शेकडो-हजारो वेळा असे डास चावावे लागतात. म्हणजे सुजलेला पाय ही एका रात्रीच्या बेफिकिरीची शिक्षा नाही. त्या माणसाला इतकी वर्षं इतके डास चावत राहतील अशा जागी ठेवलं गेलं, याची ती नोंद आहे.

माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातलं. थोरल्या मामीचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा झालाय. ती लग्नाकार्याला जात नाही, गेली तरी लुगडं पायघोळ सोडून मागच्या रांगेत बसते. पायाच्या घड्यांमध्ये जखमा चिघळतात, मग थंडीताप भरतो आणि चार दिवस अंथरूण. एकदा मला म्हणाली, “पाय दुखते त सांगता येते माय, वास येते हे कोनाले सांगू?” तिला सरकारी किट मिळालं होतं: टब, मग, साबण, टॉवेल. चेष्टा करू नका, हे किट फार कामाचं आहे. पाय रोज साबणाने धुवून बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा ठेवला की तापाचे झटके खरंच कमी होतात, तिचेही झाले. फक्त धुणं झालं की टबातलं पाणी ती टाकते कुठे? घरामागच्या त्याच डबक्यात. दुसरी जागाच नाही. इतका जुना पाय असलेल्यांच्या रक्तात बऱ्याचदा मायक्रोफायलेरिया सापडतही नाहीत. ते सापडतात धडधाकट दिसणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या लोकांत. लोक अंतर ठेवतात ते मात्र मामीपासून.

म्हणूनच गोळी धडधाकट माणसाने खायची असते. पूर्वी डीईसी आणि अल्बेंडाझोल देत, आता बऱ्याच जिल्ह्यांत त्यांना आयव्हरमेक्टिनची जोड असते. या तिहेरी औषधाच्या देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत नागपूर होतं. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं सोडून सगळ्यांनी घ्यायची, उपाशीपोटी नाही. कुणाला त्यानंतर ताप, मळमळ, डोकेदुखी होते. बहुधा अंगातली पिल्लं मरत असल्याची ती खूण असते, म्हणजे गोळीची गरज त्यालाच जास्त होती. हे नीट समजावून सांगायला दारात दहा मिनिटं उभं राहावं लागतं. आशाताईंकडे घरांची यादी इतकी लांब असते की त्यांना तेवढा वेळ मिळत नाही. मग गोळ्या दिल्या जातात आणि फडताळात राहतात. वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांत फरक असतो, म्हणूनच समोर खायला लावा असा नियम आहे. पण रोजंदारीवाल्याला सकाळी मळमळलं तर त्याचा दिवस बुडतो, त्याची भरपाई कुठल्या नियमात आहे? आणि तुम्ही? उद्या सोसायटीच्या गेटवर कुणी उभं राहून ‘आजारी नसलात तरी या गोळ्या आत्ता माझ्यासमोर गिळा’ म्हणालं, तर गिळाल? कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी काय काय फॉरवर्ड होईल याची कल्पना करा. तुमच्या नकाराला आपण ‘शंका’ म्हणू, मामीच्या शेजाऱ्याच्या नकाराला अज्ञान.

तरी गोळी खाच. माझं भांडण गोळीशी नाही, वाटणीशी आहे. नागरिकाच्या वाट्याचं कर्तव्य त्याच्या दारात येऊन, समोर उभं राहून, बोटाला शाई लावून वसूल होतं. सरकारच्या वाट्याचं कर्तव्य मात्र ‘प्रस्तावित’ राहतं. जलजीवन मिशनने घरोघर नळ दिले, माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. छान झालं, बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले. पण यातलं बरंचसं पाणी वापरून झाल्यावर मोरीतून बाहेर पडणार, आणि ते जाणार कुठे हा प्रश्न अजून गावोगाव लोंबकळतोय. नळाचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. सांडपाण्याच्या नालीची फीत कापायला कोण येणार?

उपाय चंद्रावरून आणायचा नाही. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले आणि उघडी गटारं बंद केली. डासमुक्त गाव म्हणून त्याचं नाव झालं, पुढे ‘नांदेड पॅटर्न’ हा शब्दच रूढ झाला. चार-एक फुटांचा खड्डा, त्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. पाणी जमिनीत मुरतं, वर डबकं उरत नाही. रोजगार हमीतून हे काम करता येतं. अर्थात हे सगळीकडे चालेल असं नाही. चिकण मातीत पाणी मुरत नाही, भातखाचरांच्या पट्ट्यात जमिनीतलं पाणीच वर असतं. तिथे बंदिस्त नालीच लागेल आणि तिला पैसे जास्त पडतील. मग पडू देत. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिला होता.

तो कशावर खर्च झाला हे बघायला आरटीआयचीही गरज नाही. फोनवर ई-ग्रामस्वराज उघडा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, कामांची यादी समोर येते. गावी मतदान असेल, आजोळ असेल, नुसतं आडनावापुरतं गाव असेल तरी बघा, आणि पुढच्या ग्रामसभेला तिथल्या कुणाला तरी ती यादी वाचायला लावा. मी एका गावाची बघितली. पेव्हर ब्लॉक होते, हायमास्ट दिवा होता, स्वागत कमान होती. नाली पुढच्या वर्षाच्या आराखड्यात होती. त्याच्या पुढच्या वर्षाचा आराखडा उघडला, तिथेही नाली होती.