बंदी धबधब्याला, शिक्षा वाटेला

जून सरता सरता रायगड, पुणे, ठाणे जिल्ह्यांतून मनाईआदेश निघू लागतात. मजकूर दरवर्षी साधारण तोच: अमुक धबधबे, तमुक धरणं, आणि त्यांच्यापासून एक किलोमीटरच्या परिसरात पर्यटकांना प्रवेश बंद. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघायचे, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. त्यामागची कळकळ खोटी नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. ती चित्रफीत ज्यांनी पाहिली, त्यांना जिल्हाधिकाऱ्यांवरचं दडपण समजेल. त्यानंतर महिन्याच्या आत माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यापाशी एक तरुणी दरीत कोसळून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट नदीत गेला.

या तिन्ही जागा डोळ्यांसमोर आणा. तिन्ही ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते. माणूस गाडीतून उतरतो आणि थोड्याच वेळात पाण्याच्या कडेला उभा राहतो. वर डोंगरात पाऊस किती झाला, ओढा कुठून येतो, पाणी चढलं तर आपण कुठे जायचं, यातलं काहीही त्याच्या कानावर पडलेलं नसतं. बंदी मात्र या जागांबरोबर आसपासच्या घाटवाटांवरही पडते. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या, शेकडो वर्षं पायांखाली असलेल्या या वाटा. पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या पायथ्याच्या गावांत चार पैसे येतात, तेही थांबतात. डोंगरातली बंदी जागेवर नको, पाण्यावर हवी, आणि ती घालण्या-उठवण्याचा अधिकार वाटेच्या पायथ्याच्या गावाला हवा, असं माझं ठाम मत आहे.

कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकरला जायचं म्हटलं तर दोन वाटा आहेत. गाव सोडलं की डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. शिडी घाट कड्याला भिडतो. लोखंडी शिड्या, त्यांच्या मधले निसरडे कातळटप्पे, बाजूने कोसळणारं पाणी. गणेश घाट लांबून, गणपतीच्या देवळावरून, पदरगडाला वळसा घालत चढतो. दम काढतो, पण पावसातही पाय ठरतो. दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर एक होतात आणि तिथून दाट रानातून माथ्यावर जातात. मुक्काम एक, डोंगर एक, पण जुलैच्या पावसात एक वाट जायची आणि एक न जायची. हे खांडसच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एक किलोमीटरचं वर्तुळ आखणाऱ्या आदेशाला या दोन वाटांतला फरक दाखवताच येत नाही.

हा फरक सह्याद्रीच्या घडणीतूनच आलेला आहे. लाव्हाचे थरावर थर साचून हा डोंगर झाला. काही थर कठीण, काही भुसभुशीत. कठीण थराचा कडा झाला, भुसभुशीत थर झिजून पदर झाला. म्हणून आपला डोंगर पायऱ्यांनी चढतो: कडा, पदर, पुन्हा कडा. पदरावर माती धरते, रान वाढतं, वाड्या वसतात. कड्यावरून पाणी कोसळतं. आणि कातळात पाणी मुरायला जागा कमी, उतार उभा, ओढ्याची धाव जेमतेम काही किलोमीटरची. माथ्यावर पाऊस किती पडतो, तर जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पडला होता. असा पाऊस माथ्यावर झाला की पायथ्याच्या ओढ्याला तो कळायला फार वेळ लागत नाही. तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकतं.

म्हणून चढाला भिणारा माणूस सपाटीवर फसतो. भिऱ्याजवळच्या देवकुंडाची वाट त्याचं उत्तम उदाहरण आहे. कुंडलिकेच्या उगमाकडचा हा धबधबा, आणि वाट जलाशयाच्या कडेकडेने, गर्द रानातून, जवळपास सपाटीची. लहान मुलांनाही जमेल अशी. पण मध्ये ओढे ओलांडावे लागतात. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं म्हणून माणसं पलीकडे जातात आणि दुपारी परतायला वाट उरत नाही. दरवर्षी तिथे माणसं अडकल्याच्या बातम्या येतात त्या कड्यामुळे येत नाहीत, ओढ्यामुळे येतात.

त्याच भागात एका ओढ्यापाशी मी आमच्या वाटाड्या मामांना काम करताना पाहिलं आहे. पाणी गुडघ्याखाली होतं, आमच्यातले दोघे पाय टाकायच्या बेतात होते. मामांनी हात आडवा धरला. एक मुठीएवढा दगड उचलला, पाण्याच्या अगदी काठाला, कोरड्यात ठेवला आणि शेजारी उकिडवे बसले. कोणी काही बोललं नाही. मग त्यांनी पाण्यात वाहून येणाऱ्या काटक्या आणि हिरवी तुटलेली पानं दाखवली. “वाळका पाचोळा कधीही येतो, ताई. हिरवा पाला आला म्हंजी वर झोडपतोय.” दगड अर्धा बुडाला तेव्हा ते उठले. “चला मागं.” आम्ही मागे फिरलो. थोड्या वेळाने पाणी गढूळ झालं आणि ओढ्याचा आवाज जड झाला, तो आम्हाला रानातून येतानाही ऐकू येत होता. कुठल्याही दफ्तरात बसून हा निर्णय इतक्या नेमकेपणाने घेता येणार नाही.

अशा माणसांच्या हाती वाट सोपवायची सोय आपल्याकडे नाही असं नाही. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पाचनईसारख्या गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समित्या प्रवेशशुल्क घेतात. वनहक्क कायदा २००६ गावाला आपलं सामूहिक रान राखण्याचा अधिकार देतो. राज्याचं साहसी पर्यटन धोरणही २०२१ मध्ये आलं. पण ते धोरण मुख्यतः सहली नेणाऱ्या संस्थांची नोंदणी बघतं. पायथ्याच्या गावातल्या, कागदपत्रांशी सख्य नसलेल्या वाटाड्याला त्यात शिरणं कठीण आहे. आणि अपघात झाला की रात्री-अपरात्री दोर घेऊन उतरतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांमधली मुलं, बिनपगारी. त्यांच्याबरोबर पुढे चालतो तो पुन्हा गावातलाच कोणीतरी. संकटात ज्याच्यावाचून चालत नाही, त्याला आधी विचारायला काय हरकत आहे?

काय करता येईल तेही सांगते. प्रत्येक वाटेवरचे ओलांडायचे ओढे मोजा. ओढा न ओलांडता जाणाऱ्या, सोंडेवरून चढणाऱ्या वाटा वाटाड्यासह पावसाळाभर खुल्या ठेवा. नाळेतून किंवा ओढ्यातून जाणाऱ्या वाटा जोराच्या पावसात बंद, आणि तो बंद गावाने लावावा. त्या दिवशी वाट बंद ठेवली म्हणून गावाचं नुकसान होऊ नये, यासाठी शुल्काचा एक हिस्सा त्याच कामाला राखून ठेवावा. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण शंभर माणसं दारात उभी असताना “आज नाही” म्हणायला पोटाला आधार लागतो. रस्त्यालगतच्या धबधब्यांवर पोलीस ठेवा, गाड्या दूर थांबवा, तिथे हवी तेवढी सक्ती करा. तिथल्या बंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

वाटेतून उत्पन्न घ्यावं आणि ते वाटेच्याच राखणीला लावावं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्नरच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातली लेणी आहेत, नागणिकेचा शिलालेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. तो जकातीसाठी होता असं सांगतात. कोकणातल्या बंदरांवरून येणारा माल या नाळेतून वर चढायचा आणि त्यासाठी दगडी फरसबंदी केलेली होती. आज त्याच घाटाच्या पायऱ्या पावसागणिक खचत चालल्या आहेत. इतर कितीतरी घाटवाटांचं तर नावही गावातली म्हातारी माणसंच घेतात. गुरं कमी झाली, बाजाराला जाणारी माणसं एसटीने जाऊ लागली, आणि वर्षभर कोणी चाललं नाही की कारवी वाट गिळते.

पुष्कळ गावनकाशांवर यातल्या काही वाटा अजून आहेत. एका तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. वन खात्याच्या हद्दीत ही रेषा पुढे कुठे जाते, ते गावातल्या जाणत्यांना विचारून, चालून जोडून घ्यावं लागेल. १५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा होतात. पायथ्याच्या गावांनी त्याआधी आपला नकाशा काढावा, वाटेवरच्या प्रत्येक ओढ्याचं नाव त्यावर लिहावं, आणि ठराव करून तो वन विभागाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. नकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की मिळते.