आधी मुद्दल, वर पाचवा हिस्सा



परवा जुन्नरला एका सभेत एक विद्वान आम्हाला क्षमा शिकवून गेला. म्हणाला, ज्यूंचा देवसुद्धा आज्ञा मोडणाऱ्या लेकरांना पुन्हा पोटाशी धरतो, मग तुम्हीच मागचं किती दिवस उगाळणार? पुढच्या रांगेतल्या टोप्या डोलल्या. त्यातल्या एका टोपीखाली आमच्या वतनाच्या जमिनीत कांदा घेणारा बसला होता. मी गप्प बसलो. चुकलंच माझं. म्हणून हे लिहितोय.

मी बौद्ध. मला क्षमा करायला कुठला देव नको. पण बाबासाहेबांनी मोशेची कथा आपल्या मुक्तीच्या नजरेनं वाचली होती, म्हणून मीही जुना करार उघडला. विद्वानानं तो उघडला नव्हता हे लगेच कळलं.

त्या पोथीतला देव मिसरात विटा थापणाऱ्या गुलामांचा आक्रोश ऐकतो. आधी त्यांना सोडवतो, दहा आज्ञा त्यानंतर. आणि आज्ञा देतानाही पहिली आठवण तीच, की गुलामीतून तुम्हाला मी काढलं. आपल्या गावानं आज्ञा आधी दिल्या. सुटका द्यायची राहूनच गेली.

आज्ञाभंगाचं म्हणाल तर ह्या सुटकेच्या कथेत पहिला आज्ञाभंग दोन सुइणींचा. शिप्रा आणि पुवा. फारोनं हुकूम सोडला, इब्री बायांचे मुलगे जन्मताच मारा. ह्यांनी नाही मारले. देवानं शिक्षा केली? उलट त्यांची घरं वसवली. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती ह्याच वाणाची अवज्ञा. तिची माफी कुणी कुणाकडं मागायची?

हां, दुसरीही अवज्ञा आहे, आणि ती आपली लाज आहे. रानात आल्यावर तीच सुटलेली माणसं रडायला लागली, मिसरातले कांदे आठवतात, लसूण आठवतो, काकड्या आठवतात. ओतूर-आळेफाट्याकडच्या माणसाला कांद्याची गोडी मी काय सांगू! १९५६ ला दीक्षा झाली, तरी जत्रा आली की पाटलाच्या दारात हलगी घेऊन उभे राहणारे आपलेच भाऊ आहेत. होशेयच्या पुस्तकातला देव अशांवर भडकतो, आणि भडकता भडकता त्याचं काळीज पलटतं. ह्याच पोराला हात धरून मी चालायला शिकवलं, आता टाकू कसा? ही क्षमा मला कळते. ही घरातली आहे. माझ्या चुलत्याला मी ती दर जत्रेला करतो.

पण जमीन खाणाऱ्याला कसली क्षमा? लेवीयच्या सहाव्या अध्यायात सरळ हिशेब दिलाय. लुबाडलेलं मुद्दल मालकाला परत, वर पाचवा हिस्सा, आणि मगच मेंढा घेऊन देवापुढं जा. पुढं त्यांच्या शास्त्र्यांनी मिश्नात आणखी उघड सांगितलं, की माणसानं माणसाचं केलेलं पाप प्रायश्चित्ताचा दिवससुद्धा धुवत नाही, जोवर त्या माणसाची समजूत पटलेली नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, तेच घाणे चालवणारे शनवार तेली, ह्या दिवसाला दार फळणीचा सण म्हणत. दिवसभर उपास, दारं बंद. पण दार लावलं म्हणून बाहेरचं देणं बुडत नाही.

पोथीशी माझं भांडणही आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडलांची जमीन देणार नाही. राणीनं खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचला, राजा मळ्यात उतरला. एलीयानं त्याला तोंडावर सुनावलं. मग अहाबानं कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास धरला. देव विरघळला, संकट त्याच्या पोराच्या काळावर ढकललं. आणि मळा? नाबोथाच्या घराला परत मिळाला असं त्या पानांवर कुठं नाही. पुढं तर त्याच्या पोरांच्या रक्ताचीही गोष्ट निघते. लेवीयातला पाचवा हिस्सा राजापुढं आल्यावर कुठं गेला? असली क्षमा मी मानत नाही, देवाची असली तरी.

आमचा मळाही असाच गेला. वतनाच्या जोखडातून महारांना सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली, राबणूक सुटली. जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदारालाच रिग्रँट व्हायची होती. माझ्या आज्याकडं रक्कम कुठली? एका 'भल्या' माणसानं भरली आणि औत घातलं. सातबारावर नाव आमचं, कांदा त्याचा. पुढं नावही गेलं. जुन्नरला हे नवं नाही म्हणा, लेण्याद्रीला भिक्खूंच्या विहारात गिरिजात्मज बसलाय, त्या मुद्दलाचं तरी कोण विचारतंय?

तेव्हा दोस्तांनो, ज्यांच्या घरी वतनाचे जुने कागद असतील त्यांनी जुन्नरच्या, नाहीतर घोडेगावच्या कचेरीतून फेरफाराच्या नकला काढा. पुढच्या सभेला मी माझी घेऊन जाणार आहे. विद्वानाला टोप्यांच्या शेजारीच बसवू. पाचवा हिस्सा कसा काढायचा, ते त्यालाच विचारू.