शून्य नंबरची डिस्क

दिवाळीच्या तोंडावर घरोघर माळे झाडले जातात, डबे उन्हात पडतात, आणि मग एखाद्या घरात हमखास बोंब होते की, रद्दीबरोबर आजोबांची कागदपत्रेही गेली! २०२५ सालच्या दिवाळीत तशी बोंब आमच्या कॉलेजात झाली. आणि त्या गोष्टीतला रद्दीवाला मीच होतो.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच की, मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात संगणकांची खोली सांभाळतो. हुद्दा काही मोठा नाही; पण यंत्र अडले की प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांना माझी आठवण होते. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, आणि सुट्टीत चाळीसही यंत्रांवर विंडोज ११ घालावे असे ठरले. यंत्रे चोवीस जुनी, सोळा नवी. नव्यांत ११ आधीच होते, पण खोलीभर एकच घडी असावी म्हणून तीही पुसून सारखी करायची होती.

चाळीस यंत्रांपुढे पेनड्राइव्ह घेऊन उकिडवे बसण्याचे दिवस गेले. आता हे काम नेटवर्कवरून होते. यंत्र चालू केले की ते स्वतःच्या पोटातल्या डिस्ककडे न बघता नेटवर्कवर हाक मारते, ‘माझा पत्ता काय? मला जेवू कोण घालणार?’ सर्व्हर पत्ता देतो आणि एक छोटी, तात्पुरती विंडोज धाडतो. या हाक मारण्याच्या रीतीला पीएक्सई म्हणतात. इंटेलने तिचा अजून चालणारा आराखडा १९९९ साली प्रसिद्ध केला. भरवण्याची एक रीत, टीएफटीपी, तिच्याहूनही वडील, १९८० च्या सुमाराची. तिचा मूळ घास ५१२ बाइटांचा, आणि पहिला गिळल्याची पावती आल्याखेरीज दुसरा द्यायचा नाही. अगदी आजीबाईंची शिस्त! (आता घास मोठे करता येतात, नाही तर आमची दिवाळी सर्व्हरपुढेच झाली असती.)

ही तात्पुरती विंडोज डिस्कवर ठाण मांडत नाही. मेमरीच्या ओसरीवर पथारी टाकते आणि तिथून आमची आज्ञावली चालवते: शून्य नंबरची डिस्क निवड, ती साफ कर, तिचे भाग पाड, आणि सर्व्हरवरचे नवे विंडोज आणून तिच्यात ओत. डिस्कची मोजणी शून्यापासून होते, म्हणून पहिली ती शून्य नंबरची. आणि ‘साफ कर’ या आज्ञेचे नाव आहे ‘क्लीन’. नाव किती निरागस!

ही आज्ञावली मीच लिहिलेली आहे, हे आताच सांगून टाकतो. साफ करण्यापूर्वी ती थांबून ‘नक्की ना?’ असे विचारीत असे. चाळीस वेळा ‘होय’ कोण दाबत बसणार, म्हणून पहिल्याच दिवशी मी तो प्रश्न काढून टाकला. माझा मदतनीस पोरगा तेव्हा जरा चुळबुळला होता. पण मी वडीलधारा, त्यामुळे बोलला नाही.

जुन्या चोवीसांनी फार छळले नाही. दोन यंत्रे जुन्या पद्धतीने बूट होत होती आणि डिस्क मात्र नव्या पद्धतीने आखली गेली. त्यामुळे सारे उतरूनही पुन्हा चालू करताच ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही’ म्हणून ती रुसली. बायॉसमध्ये जाऊन त्यांची समजूत घातली. आणखी एका यंत्रात निम्म्यावर येऊन वाचन-लेखनाची चूक दिसे. डिस्क मेली असे म्हणून पोरगा नवी आणायला निघाला, तेव्हा मी त्याला आधी केबल बदलायला लावली. केबल बदलली, काम पुरे झाले, आणि ती डिस्क आजही धडधाकट आहे. आमच्या धंद्यात डिस्कची गत धाकट्या सुनेसारखी: दूध कोणाच्याही हातून उतू जावो, बोल तिलाच.

मग नव्या सोळांची पाळी आली. सगळी एकदम चालू केली, आणि एकामागून एक पडद्यावर तेच वाक्य उमटू लागले: सांगितलेली डिस्क वैध नाही. पंधरा यंत्रांवर पंधरा वेळा. प्राचार्यसाहेब नेमके तेव्हाच डोकावले.

“दुकानदाराने रिकामी खोकी गळ्यात मारली की काय हो?”

कोपऱ्यातले सोळावे यंत्र तेवढे शहाण्या मुलासारखे पुढे चालले होते. साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवत दुकानदाराला फोनवर चांगले सुनावले, “एक चालते, मग बाकीची का नाही?” प्रश्न फार उत्तम होता. मी मात्र त्याकडे लक्ष दिले नाही.

मी पहिल्या यंत्रापाशी बसलो आणि डिस्कची यादी मागितली. उत्तर आले की, दाखवण्याजोगी एकही डिस्क नाही. बायॉसमध्ये पाहिले तर डिस्क ठसठशीत नावानिशी हजर! तेव्हा उलगडा झाला. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून, बऱ्याच यंत्रांत व्हीएमडी नावाचा एक कारभारी बसवलेला असतो. डिस्क त्याच्या माजघरात. भेटायचे तर त्याची भाषा, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, यावा लागतो. बायॉसला ती भाषा येते. आमच्या पाहुण्या विंडोजला येत नव्हती, कारण तिच्या शिदोरीत मी तो ड्रायव्हर बांधून दिलाच नव्हता. कारभाऱ्याला बायॉसमधून रजा देता येते. पण त्याच्या देखरेखीखाली आधीच विंडोज बसवलेले असले, तर ते मग निळा पडदा दाखवून बंद पडते. म्हणून मी ड्रायव्हर सर्व्हरवरून आणवून जागच्या जागी चालू केला, पुन्हा यादी मागितली, आणि ४७६ जीबीची डिस्क समोर आली. (खोक्यावर ५१२ लिहिलेले असते. दुकानदार हजाराने मोजतो, यंत्र १०२४ ने. लबाड दोघांपैकी कोणीच नाही.)

पोराला हे सारे मोठ्या रुबाबात समजावीत होतो. समजावता समजावता जीभ अडखळली. सोळाही यंत्रे एकाच खेपेची, एकाच घडणीची. पंधरांना जर स्वतःची डिस्क दिसत नाही, तर सोळाव्याला ती कशी दिसली? आणि दिसली नसेल, तर ते लिहिते आहे तरी कशावर?

मी धावलो. यंत्राच्या मागे, पडद्याच्या आडोशाला, पानाच्या चंचीएवढी एक काळी पेटी होती आणि तिचा निळा दिवा लुकलुकत होता. यूएसबीची भाषा त्या तात्पुरत्या विंडोजला जन्मजात येते. आतली डिस्क अदृश्य, म्हणून बाहेरची पेटी झाली पहिली, म्हणजेच शून्य नंबरची. पडद्यावर सात टक्के दिसत होते. मी केबल उपटली.

“ही इथे कोणी ठेवली? तू पाहिली नाहीस?” मी पोरावर ओरडलो. त्याने मान खाली घातली. ठेवली होती मराठीच्या बाईंनी. खोली निवांत असते म्हणून आठवडाभर त्या तिथे बसून आपले काम करीत. आठ वर्षे आसपासच्या खेड्यांत हिंडून त्यांनी म्हाताऱ्या बायांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या होत्या. त्या साऱ्या त्या पेटीत. दुसरी प्रत करायची राहून गेली होती; पुष्कळशा बाया आता हयात नव्हत्या.

बाईंना मी स्वतः जाऊन सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, “सगळे गेले का हो?”

सगळे गेले नव्हते, आणि ते का, हे वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘क्लीन’ डिस्कवरचा मजकूर खरवडत नाही, अनुक्रमणिका फाडते. पाने जागेवरच राहतात. नवे विंडोज त्यांच्यावर लिहीत सुटते तेव्हा खरा नाश होतो, आणि तो सात टक्क्यांवर थांबला होता. पेटीला पुन्हा काहीही लिहू दिले नाही. दुसरी तेवढीच मोठी डिस्क आणून रातोरात पेटीची जशीच्या तशी नक्कल उतरवली आणि मग मूळ पेटी कपाटात ठेवून नकलेवर फोटोरेक चालवले. हे फुकट मिळते. अनुक्रमणिकेशिवाय, नुसते पानांचे चेहरे ओळखून ते फायली वेचते. दोनशे बारा मुद्रणांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव हाती लागली. नावे मात्र सर्वांची पुसलेली. गावाच्या आणि बाईच्या नावाऐवजी एफ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापासून बाई कानाला यंत्र लावून एकेक ऐकत बसल्या. “ही खालच्या आळीची,” “ही खोकते बघा, हिला मी ओळखते,” असे म्हणत, आणि पोरगा नावे लिहीत बसला. त्याची माफी मी तेव्हा मागितली. तो म्हणाला, “सर, तो प्रश्न परत घालू या का?”

प्रश्न परत घातला. शिवाय आज्ञावली आता आधी डिस्क मोजते; एकीहून कमी वा जास्त दिसल्या तर जागीच थांबते, आणि यूएसबीवरची डिस्क असेल तर तिला हातच लावत नाही. व्हीएमडीचा ड्रायव्हर तात्पुरत्या विंडोजच्या शिदोरीत बांधला आणि नव्या विंडोजमध्येही घातला. नाही तर ते उतरते मुकाट्याने आणि पहिल्याच वेळी चालू करताना कोसळते. भाऊबीजेला चाळिसावे यंत्र तयार झाले.

चौदा मुद्रणे कायमची गेली. त्यांतल्या तिघी आज्या हयात होत्या. डिसेंबरात बाई त्यांच्याकडे पुन्हा निघाल्या, तेव्हा गाडी मी चालवली. पहिल्या आजीने जाते पुढ्यात ओढले, खुंटा ठोकला आणि विचारले, “मागं गायले व्हते, त्याचं काय झालं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले.

“पुसलं गेलं, आजी. माझ्या हातून.”

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. “मग आता ते बटन बाईंलाच दाबू दे,” ती म्हणाली, आणि जात्यात मूठ टाकली.