गोळीचाही हिशोब हवा



साठी ओलांडली की स्वाध्यायाला जमलेल्या आपल्या बायकांत आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग गोळ्यांची. कोणी ताकदीची पावडर घेते, कोणाला मुलाने परदेशातून मोठा डबा आणून दिलेला असतो. गेल्या दोन वर्षांत मीही यातले काही घेऊन पाहिले. माझे मत आता पक्के आहे. तपासणीत जी कमतरता दिसेल तिचीच गोळी घ्यावी, ती कशापासून बनली ते पाहून घ्यावी, आणि 'तारुण्य टिकवणाऱ्या' डब्यांना लांबूनच नमस्कार करावा.

आपल्या आहारात खरी उणीव असते ती बी-१२ ची. धान्य-भाजीत ते नसते, आपल्याला मिळते ते दूध-दही-ताकातून. वयाबरोबर ते अंगी लागणे कमी होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर आणखीच. दूध-दह्याचा त्याग केलेल्या भगिनींनी तर तपासणी करावीच. माझा आकडा १४६ आला होता, पायांना मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी तीन महिने घेतली. आकडा ३९० वर गेला, मुंग्या कमी झाल्या. हे बी-१२ जिवाणूंच्या आंबवण्यातून तयार करतात, प्राण्यापासून नाही.

नंतर नणंदेच्या आग्रहाने 'एनर्जी'च्या गोळ्या घेतल्या. वीसेक जीवनसत्त्वे, वर अश्वगंधा. झोप, जिने, थकवा यांची नोंद रोज वहीत केली. तीन महिन्यांत ५,५५० रुपये खर्ची पडले आणि जमेची बाजू कोरी राहिली. बी.कॉम. झालेल्या बाईला याहून वेगळा पुरावा नको! शिवाय अश्वगंधा म्हणजे मूळ. सुंठ-हळदीसारखे वाळलेले चालते असे काही जणी मानतात, ते ज्याच्या त्याच्या नियमावर. पण थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा नकोच.

आता घटकांचे. मऊ, चकचकीत कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. 'एचपीएमसी' लिहिले असेल तर ते वनस्पतीजन्य. कोलॅजेन मासे किंवा गुराढोरांपासून, ग्लुकोसामाइन बऱ्याचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. ओमेगा-३ माशाच्या तेलाऐवजी शेवाळाचे मिळते. डी-३ सहसा मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून बनते, पण दगडफुलाच्या जातीपासून बनवलेलेही मिळते. फूड सप्लिमेंटच्या डब्यावर हिरवा ठिपका बघता येतो. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर तो सक्तीचा नाही, म्हणून तिथे दुकानदाराला विचारायला लाजू नका.

डी-३ ची ६०,००० युनिटची मात्रा साधारणपणे आठवड्यातून एकदा देतात. रोजची समजून घेऊ नका. ते अंगात साठते, रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या आपल्याला वेळाही बसवाव्या लागतात. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी, म्हणून मी ते संध्याकाळच्या जेवणाबरोबर घेते. लोहाची गोळी असेल तर ती कॅल्शियमबरोबर नको. उपवासाच्या दिवसांत काय करायचे हे पर्वाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

काही जणी म्हणतात, गोळी घेणे म्हणजे देहाचा मोह. मला तसे वाटत नाही. सामायिकाला बसायला, मंदिराच्या पायऱ्या चढायला हाच देह लागतो. मोह आहे तो कपाटात रांगेने लावलेल्या अर्ध्या डब्यांत. अपरिग्रह फक्त साड्या-दागिन्यांपुरता नसतो.

तेव्हा या आठवड्यात घरातले डबे एकदा बाहेर काढा. प्रत्येकावरचे घटक वाचा, आणि ते का घेता याचे उत्तर स्वतःला द्या. ज्याला उत्तर नाही, तो डबा पुन्हा आणू नका.