रक्त दिले, आता सत्यही द्या

मे २०२२ मध्ये नागपूरहून एक दारुण वृत्त आले. थॅलेसेमियाने पीडित चार बालकांना रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीची बाधा झाल्याचे आढळले. त्यांतील एक बालक दगावले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य शासनास जाब विचारला.

हे नागपूरचे दुःख म्हणून पेठच्या डोंगरपट्ट्याने स्वस्थ बसू नये. येथील आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आहे आणि त्या रुग्णासही परक्याचे रक्त घेण्याचा प्रसंग येतो.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, ‘ब’ व ‘क’ कावीळ, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. तथापि लागण झाल्यावर काही काळ रोग चाचणीत सापडत नाही. तोच रक्तदाता पुढे बाधित निघाला, तर त्याचे आधीचे रक्त कोणास दिले गेले, हे नोंदींवरून शोधलेच पाहिजे आणि त्या रुग्णास बोलावून सांगितलेच पाहिजे.

‘लोक घाबरतील’ हे मौनाचे समर्थन होऊ शकत नाही. अंधारात ठेवलेला मनुष्य निर्भय होतो काय? वेळीच कळले तर औषध मिळते, पत्नी व मुले वाचतात. ‘क’ कावीळ तर आज बहुधा पूर्ण बरी होते.

मात्र ही वार्ता त्या रुग्णालाच सांगावी, चावडीवर नव्हे. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधितास गुप्ततेचा व समान वागणुकीचा हक्क दिला आहे. अस्पृश्यतेचा दाह सोसलेल्या आपण रोग्याच्या रूपाने नवा अस्पृश्य निर्माण करू नये.

बंधुभगिनींनो, रक्त घेतल्याची तारीख व पिशवीचा क्रमांक लिहून ठेवा. सत्य जाणणे हा तुमचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.